पिशवी नवी, माप जुनं

नव्या रोस्टरची पिशवी फोडायची, पहिला शॉट काढायचा, घोटभर चाखायचा आणि तिथल्या तिथे मत ठरवायचं, अशी घाई बहुतेक घरांत होते. त्या पहिल्या घोटात नव्या बीन्सपेक्षा आधीच्या पिशवीसाठी लावलेल्या ग्राइंडरचाच हात जास्त असतो. दळण जरा जाड पडलं तर उत्तम कॉफीसुद्धा पाणचट आणि आंबट लागते, जरा बारीक पडलं तर तीच कडूजहर होते. म्हणून निरनिराळ्या रोस्टर्सच्या बीन्स घरी चाखून बघायच्या असतील, तर माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे, की बीन्स सोडून बाकी काही बदलू नका. वजन तेच, पाणी तेच, कप तोच. बदलेल ती पिशवी, आणि तिच्यामुळे हलवावं लागेल तेवढंच दळण.

कॅनडात राहणाऱ्या ज्या मराठी घरांत चहाच्या पातेल्याशेजारी एस्प्रेसो मशीन येऊन बसलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांना या देशात निवडीला तोटा नाही. व्हँकुव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंत प्रत्येक मोठ्या शहरात स्वतः कॉफी भाजणारे रोस्टर आहेत, आणि त्यातले बरेचसे पिशव्या घरपोच पाठवतात. हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी मात्र सगळ्यांचीच बाहेरून येते, ब्राझील, कोलंबिया, ग्वाटेमाला, इथिओपिया, केनिया अशा देशांतून. त्यामुळे एकाच इथिओपियन कॉफीला कॅलगरीत एक रूप मिळतं आणि माँट्रियलमध्ये दुसरं. फरक असतो तो निवडीचा आणि भाजण्याचा. तो जिभेला कळायला लागणं, हाच या सगळ्या खटाटोपातला खरा आनंद आहे.

आधी तुमच्या मशीनकडे एक नजर टाका. स्वस्त मशीनबरोबर बऱ्याचदा दुहेरी तळाची बास्केट येते. तिला बाहेर पडायला एकच बारीक भोक असतं, आणि दळण कसंही असलं तरी ती वर फेस आणून देते. रोजच्या कपाला ती चालेल, पण तिच्यातून दोन रोस्टर्समधला फरक कळत नाही, कारण सगळ्यांना ती एकाच साच्यात बसवते. साधी, एकेरी तळाची बास्केट घ्या. ती मिळाली की लगेच ग्राइंडरचा प्रश्न येतो, कारण एकेरी बास्केटला अगदी थोड्या थोड्या फरकाने दळण बारीक-जाड करता यावं लागतं. पैसे कुठे घालायचे असा पेच असेल तर मशीनपेक्षा ग्राइंडरवर घाला. बरात्झा एन्कोर ईएसपीसारखा साधा विजेवरचा ग्राइंडर किंवा बारीक टप्पे असलेला एखादा चांगला हातग्राइंडर एवढ्यावर काम भागतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मात्र हवाच. त्याच्याशिवाय पुढचं काहीच लागू होणार नाही.

कोणाच्या पिशव्या, कोणत्या क्रमाने

नावाजलेले दहा रोस्टर निवडून प्रत्येकाची एकेक पिशवी मागवावी, असा मोह होतो. तसं करू नका. प्रत्येकाकडे गडदपासून फिकटपर्यंत निरनिराळ्या कॉफ्या असतात. एकाची गडद आणि दुसऱ्याची फिकट प्यायलात तर रोस्टर कळत नाही, फक्त गडद आणि फिकट कळतं. त्याऐवजी भाजण्याच्या रंगाने जा. गडदकडून फिकटाकडे तीन पायऱ्या धरा, आणि प्रत्येक पायरीवर दोन रोस्टर शेजारी शेजारी ठेवा.

पहिली पायरी जुन्या वळणाच्या एस्प्रेसोची. कॅनडात एस्प्रेसो रुजवला तो मुख्यतः इटलीहून येऊन स्थायिक झालेल्या लोकांनी. माँट्रियलमध्ये सेंट लॉरेंट रस्त्यावर १९५६ मध्ये कॅफे इटालिया सुरू झालं, १९७० मध्ये माइल एंड भागात कॅफे ऑलिम्पिको. टोरोंटोच्या कॉलेज स्ट्रीटवरचं कॅफे डिप्लोमॅटिको १९६८ चं. दोन्हीपैकी एखाद्या शहरात असाल तर बीन्स मागवण्याआधी अशा ठिकाणी उभ्या उभ्या एक एस्प्रेसो प्या, म्हणजे ही पायरी कशाची हे तोंडाला कळेल. चव घट्ट, चॉकलेटी, भाजलेल्या बदामाच्या अंगाने जाणारी, आंबटपणा जवळजवळ नाहीच. या वळणाच्या काही मिश्रणांत दाट क्रेमासाठी, म्हणजे वरच्या फेसासाठी, रोबस्टाही घालतात, आणि त्यात भारतातून गेलेला रोबस्टा असू शकतो. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुरवलेली मान्सून्ड मलबार ही कॉफीही एस्प्रेसोच्या मिश्रणांसाठी जगभर वापरतात. पिशवीवर 'इंडिया' दिसलं तर ती मुद्दाम घेऊन बघा.

या पायरीसाठी व्हँकुव्हरच्या फोर्टी-नाइन्थ पॅरलल या रोस्टरचा 'ओल्ड स्कूल' आणि टोरोंटोच्या पायलट कॉफी रोस्टर्सचा 'हेरिटेज' ही जोडी मी सुचवेन. पायलटची सुरुवात २००९ मध्ये टोरोंटोच्या क्वीन स्ट्रीट ईस्टवर 'ते आरो' या छोट्या कॅफेतून झाली. ते नाव न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरातल्या एका भागाचं. दूरच्या गावी राहत असाल आणि दुकानातूनच काही आणायचं असेल तर किकिंग हॉर्सचं 'क्लिफ हँगर' सुपरमार्केटात सहज सापडतं. ही कंपनी १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या इन्व्हरमिअर या डोंगराळ गावात सुरू झाली, आणि २०१७ मध्ये तिचा मोठा हिस्सा इटलीच्या लावाझाने घेतला. नोव्हा स्कोशियातली 'जस्ट अस!' ही कामगारांची सहकारी संस्थाही लक्षात ठेवा. १९९५ मध्ये सुरू झालेली ती कॅनडातली पहिली फेअर ट्रेड कॉफी रोस्टर. ज्यांना सहकाराबद्दल आपुलकी आहे त्यांना तिच्या पिशवीचं मोल वेगळं वाटेल.

दुसरी पायरी मध्यम भाजलेल्या कॉफीची, आणि मला विचाराल तर घरच्या मशीनवर सगळ्यात जास्त सुख देणारी. फोर्टी-नाइन्थ पॅरललचाच 'एपिक' इथे येतो. विन्स आणि मायकेल पिकोलो या भावांनी २००४ मध्ये हा रोस्टर सुरू केला. एपिक हे त्यांचं गोड, फळांच्या अंगाचं मिश्रण. त्याच्या जोडीला ओंटारिओतल्या रिचमंड हिलच्या सोशल कॉफीचं 'पीपल्स डेली' किंवा माँट्रियलच्या कॅफे सेंट-हेन्रीचं एखादं एस्प्रेसो मिश्रण मागवा. एकाच रोस्टरचे ओल्ड स्कूल आणि एपिक लागोपाठ प्यायलात तर पहिल्या दोन पायऱ्यांमधलं अंतर आरशासारखं स्वच्छ दिसेल, कारण तिथे रोस्टर तोच आहे.

तिसरी पायरी फिकट भाजलेल्या, बहुधा एकाच शेताच्या किंवा एकाच भागाच्या कॉफीची. कॅलगरी शहराने इथे मोठं काम केलं आहे. फिल अँड सेबॅस्टियन हे दोन इंजिनिअर मित्रांनी २००७ मध्ये शेतकरी बाजारातल्या गाळ्यातून उभं केलेलं नाव. मोनोग्रामच्या संस्थापकांपैकी बेन पुट हे कॅनडाचे अनेकदा विजेते ठरलेले बरिस्ता. एडमंटनचा रोग वेव्ह आणि टोरोंटोचा सबटेक्स्ट याच वाटेवरचे. पण घाईने इथे येऊ नका. फिकट कॉफी घरच्या मशीनची परीक्षा बघते. पहिल्या दोन पायऱ्यांवर हात बसला नसेल तर इथला आंबटपणा कॉफीचा की चुकलेल्या दळणाचा, हे ओळखणं अवघड जातं.

मागवताना आणि घरी आल्यावर

पिशवीवर सगळ्यात आधी भाजल्याची तारीख बघा. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून कॉफी कधी भाजली ते कळत नाही. क्वेबेकच्या रोस्टरकडून मागवलंत तर ही तारीख 'तोरेफिए' या फ्रेंच शब्दाशेजारी सापडेल. कॅनडात तारीख दिवस आधी की महिना आधी, दोन्ही तऱ्हांनी लिहितात. शंका आली तर रोस्टरला विचारा, कारण ४ मे आणि ५ एप्रिल यांत महिन्याचा फरक आहे आणि तेवढ्यात कॉफी जुनी होते.

ताजी म्हणजे आजच भाजलेली, असं मात्र नव्हे. भाजल्यावर बीन्समध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. तो फार असताना एस्प्रेसो काढला तर कपात क्रेमाचा डोंगर दिसतो, पण पाणी कॉफीत नीट शिरत नाही आणि चव चरचरीत, पोकळ लागते. गडद कॉफीला साधारण पाच-सहा दिवस, मध्यम कॉफीला सात ते दहा आणि फिकट कॉफीला दोन ते तीन आठवडे थांबा. अंतराचा इथे फायदाच होतो. व्हँकुव्हरहून ब्रॅम्प्टनला निघालेली पिशवी पोचेपर्यंत तिच्या विश्रांतीचे निम्मे दिवस सरलेले असतात.

हिवाळ्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उणे वीस अंशांत पोस्टाच्या पेटीत पडलेली पिशवी गोठते. गोठल्याने बीन्सचं काही बिघडत नाही, मात्र ती थंडगार असतानाच उघडली तर घरातल्या उबदार हवेतली वाफ बीन्सवर पाणी होऊन बसते. पिशवी न उघडता रात्रभर ओट्यावर राहू द्या. दुसरी गोष्ट दळताना जाणवते. हीटरने घरातली हवा कोरडी ठणठणीत होते, दळलेली पूड विजेने भारली जाते, ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते आणि ओटाभर उडते. १८ ग्रॅम बीन्स टाकलेत तर १७ ग्रॅमच हातात येतात. उपाय सोपा आहे. चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बीन्समधून फिरवा, थेंबभर ओल पुरते. ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. दळण्यापूर्वी बीन्सना थोडं पाणी लावलं की वीज कमी निर्माण होते, असं त्यांनी दाखवून दिलं.

खर्चाचंही बोलायला हवं. ३४० ग्रॅमची पिशवी २० ते २८ डॉलरच्या आसपास पडते, फिकट आणि दुर्मीळ कॉफी त्याहून महाग. १८ ग्रॅमच्या हिशेबाने पिशवीत अठरा शॉट बसतात, त्यातले तीन-चार दळण जुळवण्यात जातात. थोडक्यात, चांगले कप चौदा-पंधरा. शिवाय टपालखर्च. ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरवर तो बरेच रोस्टर माफ करतात, म्हणून ओळखीच्या दोन-तीन घरांनी मिळून मागवलेलं बरं. गणपतीला जमणाऱ्या मंडळींत एस्प्रेसोवाले दोन-तीन जण सापडतातच. पिशव्या अर्ध्या अर्ध्या वाटून घ्या. एवढ्यात दळण जुळतं आणि कॉफी कळतेही.

दळण जुळवणं

आता मुख्य काम. एक माप धरा आणि ते सगळ्या पिशव्यांना लावा. बास्केटमध्ये १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम एस्प्रेसो, बटण दाबल्यापासून २५ ते ३० सेकंद. कपात पडणारं वजन काट्यावरच बघा, डोळ्यांवर विसंबू नका, कारण क्रेमा फुगलेला असतो आणि ताज्या कॉफीचा जास्तच. बास्केट छोटी असेल तर १६ ग्रॅमला ३२ ग्रॅम धरा. महत्त्व आकड्याला नाही, तो सगळीकडे सारखा असण्याला आहे.

पिशवी बदलली की ग्राइंडरच्या पोटात जुन्या कॉफीची पूड अडकलेली असते. नव्या बीन्सचे तीन-चार ग्रॅम दळून टाकून द्या. मग आधीच्या आकड्यावरच पहिला शॉट काढा. १५ सेकंदांतच ३६ ग्रॅम पडले तर दळण बारीक करा, ४५ सेकंद लागले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दळणही बदललं आणि वजनही, तर चव कशामुळे सुधारली ते कळत नाही आणि पुढच्या पिशवीला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

वेळ जुळली की घड्याळ बाजूला ठेवून जिभेचं ऐका. इथे घरोघरी सगळ्यात जास्त गल्लत होते ती आंबटपणाची. एक आंबटपणा कच्चा असतो. घोट घेताच जबडा आवळतो, मागे किंचित खारटपणा येतो, अंगात काही नसतं आणि गिळल्यावर क्षणात सगळं संपतं. या कॉफीतून पुरेसा अर्क उतरलेला नाही. दळण बारीक करा, किंवा ३६ ऐवजी ४० ग्रॅमपर्यंत जाऊ द्या. दुसरा आंबटपणा पिकलेला असतो. त्याच्या पाठोपाठ गोडवा येतो आणि घोट गिळल्यावर बराच वेळ तोंडात राहतो. हा कॉफीचा स्वभाव आहे, त्याला हात लावू नका. कडूपणाचंही असंच. डार्क चॉकलेटचा कडूपणा गोड बाजूने येतो. पण जीभ कोरडी पडून तुरट ओढ लागली, तर अर्क जास्त उतरला आहे असं समजून दळण जाड करा किंवा कपात थोडं कमी पडू द्या.

भाजण्याच्या रंगाप्रमाणे हे माप थोडं सरकवावं लागतं, पण आधी १८-३६ वर चव घेतल्यानंतरच. गडद बीन्स ठिसूळ असतात आणि अर्क चटकन सोडतात. त्यांना जरा जाड दळण, १८ ला ३० ते ३४ ग्रॅम, आणि मशीनवर तापमान बदलता येत असेल तर ९० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. फिकट बीन्स टणक असतात, अर्क हातचा राखून ठेवतात. त्यांना बारीक दळण, ९४ ते ९६ अंशांचं पाणी आणि १८ ला ४५ ग्रॅम, कधी ५० सुद्धा. फिकट कॉफीचा दाट, काळा, जुन्या वळणाचा शॉट काढायचा हट्ट धरू नका. लांबवली की ती मोकळी होते.

एकाच आकड्यावर एक शॉट २२ सेकंदांत आणि पुढचा ३५ सेकंदांत येत असेल तर बीन्सना बोल लावू नका. बास्केटमधल्या पुडीत गाठी आहेत किंवा ती एका बाजूला कलली आहे, आणि पाणी फट शोधून निसटतं आहे. बारीक तारांचा छोटा झारा मिळतो, त्याने पूड तळापासून मोकळी करा, सपाट करा, मग सरळ दाबा. दुसरं, पिशवी उघडल्यावर दिवस जातील तसा वायू कमी होतो आणि शॉट आपोआप वेगाने पडायला लागतो. दर दोन-तीन दिवसांनी दळण केसभर बारीक करावं लागतं.

पाणी

रोस्टरची चव त्याच्या शहरात लागते तशी तुमच्या घरी लागत नाही, त्याचं मोठं कारण नळाचं पाणी. कपातला बहुतेक भाग पाण्याचाच असतो. व्हँकुव्हरचं पाणी डोंगरातल्या जलाशयांतून येतं, ते अगदी मऊ. कॅलगरीचं पाणी बो आणि एल्बो या नद्यांचं, बरंच जड. टोरोंटो आणि मिसिसागाला ओंटारिओ सरोवराचं पाणी मिळतं, ते मध्यम जड. किचनर-वॉटर्लू आणि ग्वेल्फचं मुख्यतः जमिनीखालून उपसलेलं, फार जड. आंबटपणाला आवर घालणारे क्षार मऊ पाण्यात कमी असतात, म्हणून फिकट कॉफी तिथे टोचरी लागू शकते. जड पाण्यात नेमकं उलट. तेच क्षार आंबटपणा गिळून टाकतात, फळाची चव निघून जाते आणि कॅलगरीत किंवा ग्वेल्फमध्ये महागातली केनियाची कॉफी मातकट वाटते. शिवाय मशीनच्या आत चुन्याचा थर धरतो तो वेगळाच.

तुलना गांभीर्याने करायची असेल तर पाणी स्वतः बनवा, काही कठीण नाही. दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणा. खाण्यायोग्य पोटॅशियम बायकार्बोनेट १० ग्रॅम घेऊन एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर चिठ्ठी लावून ठेवा. रोजच्या वापरासाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात या बाटलीतलं १० मिलिलिटर घाला. लिटरला ०.१ ग्रॅम असं प्रमाण पडतं. या पाण्याने चव स्वच्छ उमटते आणि मशीनमध्ये चुना साचत नाही. निव्वळ डिस्टिल्ड पाणी मात्र मशीनमध्ये घालू नका; ते चवीलाही वाईट आणि काही मशीनच्या आतल्या धातूलाही. एवढं करायचं नसेल तर टोरोंटोसारख्या ठिकाणी कोळशाच्या फिल्टरचा साधा जगही पुरतो, क्लोरिन तरी जातं. पण एकदा ठरवलेलं पाणी सगळ्या पिशव्या संपेपर्यंत बदलू नका.

चाखणं आणि शेजारी ठेवून बघणं

एस्प्रेसो कपात थरांनी उतरतो, आधी दाट आणि तीव्र, शेवटी पातळ. न ढवळता प्यायलात तर पहिला घोट एक सांगतो आणि शेवटचा दुसरंच. चमच्याने नीट ढवळा, एखादं मिनिट निवू द्या, मग घोट घ्या. कडकडीत गरम असताना गोडवा कळत नाही. नंतर त्याच शॉटच्या उरलेल्या अर्ध्या भागात दुप्पट गरम पाणी घाला. एस्प्रेसोच्या तीव्रतेत दडलेली फळं, फुलं, मसाल्याचे वास पाण्याने उलगडतात. नवशिक्याला रोस्टर्समधला फरक इथेच सगळ्यात सहज कळतो.

पिशवीवर छापलेल्या चवींच्या यादीवर फार भिस्त ठेवू नका. ब्लॅककरंट किंवा बर्गमॉट लहानपणी न खाल्लेल्या माणसाला ते कपात सापडणार कसे? तुमच्या जिभेला जे ठाऊक आहे ते लिहा. केनियाच्या कॉफीत कोकम, नॅचरल पद्धतीने, म्हणजे फळासकट, वाळवलेल्या इथिओपियन कॉफीत जांभूळ किंवा पिकलेलं करवंद, ब्राझीलमध्ये शेंगदाण्याची चिक्की, ग्वाटेमालात गूळ असं काही आठवलं तर तीच तुमची नोंद. वहीत रोस्टर, कॉफीचं नाव, भाजल्याची तारीख, दळणाचा आकडा, वजन, वेळ आणि एक ओळ चवीची एवढं पुरे. महिन्याभराने पान उलटल्यावर कोणत्या पिशवीकडे आपण पुन्हा पुन्हा वळलो ते दिसतं, आणि आपली आवड त्यातूनच ठरते.

दोन रोस्टर एकमेकांशेजारी प्यायचे तर आणखी एक अडचण येते. दोन पिशव्या एकदम उघडल्या तर दोन्ही संपण्याआधी शिळ्या होतात. यावर फ्रीझर हा फार चांगला उपाय आहे. पिशवीची विश्रांती पुरी झाली की १८-१८ ग्रॅमच्या मापाने बीन्स हवाबंद छोट्या बरण्यांत किंवा हवा काढलेल्या पिशव्यांत भरा आणि गोठवा. हवा नाही, ओल नाही, तर त्या महिनोन् महिने जशाच्या तशा राहतात. हवी तेवढी एकच बरणी काढायची आणि बीन्स गोठलेल्या असतानाच दळायच्या. पुन्हा आत ठेवायच्या नाहीत. गोठलेल्या बीन्सना दळणाचा आकडा थोडा वेगळा लागतो, तो वहीत लिहून ठेवा. अशा पाच-सहा रोस्टर्सच्या बरण्या फ्रीझरमध्ये असल्या की रविवारी सकाळी पाहुण्यांसमोर व्हँकुव्हर आणि माँट्रियल एका ट्रेमध्ये मांडता येतात. कपांखाली चिठ्ठ्या चिकटवा आणि कोणता कोणाचा ते शेवटी उघड करा. नाव माहीत नसताना आवडलेली कॉफी खरोखर आवडलेली असते.

फ्रीझरचा दुसरा उपयोग हंगामाचा. इथिओपिया आणि मध्य अमेरिकेतला नवा माल साधारण उन्हाळ्यात कॅनडात पोचायला लागतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात या देशांच्या कॉफ्या सगळ्यात टवटवीत असतात. तेव्हा आवडलेली पिशवी जास्तीची घ्या. एकाच शेताची कॉफी संपली की पुढच्या पिकापर्यंत ती येत नाही, आणि पुढचं पीक अगदी तसंच असेल याची खात्री नसते. मिश्रणांची गोष्ट निराळी. त्यांतले घटक वर्षभर बदलत राहतात, रोस्टर चव मात्र सारखी राखतो.

दुधातली कॉफी पिणारे आपल्यात पुष्कळ, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त दुधासाठी बीन्स वेगळ्या लागतात. पहिल्या पायरीची गडद-मध्यम मिश्रणं दुधातून वर येतात. फिकट, नाजूक कॉफी दुधात हरवते किंवा फाटल्यासारखी आंबट लागते; नॅचरल पद्धतीने वाळवलेली इथिओपियन कॉफी याला अपवाद, ती दुधात स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेककडे झुकते. ३६ ग्रॅम एस्प्रेसोला १२० ते १५० मिलिलिटर दूध घ्या, तेही ३.२५ टक्के स्निग्धांशाचं, ज्याला इथे होमो मिल्क म्हणतात. ते ६० अंशांच्या पुढे तापवू नका, त्याचा स्वतःचा गोडवा तिथवरच असतो. साखर घालायची असेल तर आधी बिनसाखरेचे दोन घोट घ्या.

संध्याकाळी प्यायची इच्छा असणाऱ्यांसाठी कॅनडात एक खास सोय आहे. कॉफीतलं कॅफीन रसायनांऐवजी पाण्याच्या साहाय्याने काढणारी स्विस वॉटर ही कंपनी नावाने स्विस असली तरी तिचा कारखाना ब्रिटिश कोलंबियात आहे. इथले बरेचसे चांगले रोस्टर तिच्याकडची हिरवी कॉफी आणून भाजतात. डिकॅफ एस्प्रेसोला कमी समजण्याचं कारण नाही, पण ती वेगळी वागते. बीन्स भाजण्याच्या मानाने जास्त काळसर दिसतात, त्यामुळे रंगावरून पायरी ठरवू नका. वायू लवकर निघून जातो, शॉट वेगाने पडतो, म्हणून दळण नेहमीपेक्षा बारीक लागतं. विश्रांती चार-पाच दिवस पुरते आणि चवही लवकर उतरते, तेव्हा डिकॅफची लहान पिशवी घ्या आणि तीन-चार दिवसांत संपणार नाही एवढा भाग पहिल्याच दिवशी मोजून गोठवून टाका.